वर्षाच्या आत

आई मार्चमध्ये गेली. जूनमध्ये बाबा अमेरिकेत आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही त्यांना वायोमिंगमधली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची जुनी वाट दाखवायला नेलं. एकोणिसाव्या शतकात ही कुटुंबं संसार हातगाड्यांवर लादून शेकडो मैल चालत गेली. आता पर्यटकांनाही तिथे तशी गाडी ओढायला देतात; आम्हीही एक घेतली.

कडेला दगडांची एक रास होती. वाटाड्या बाई म्हणाल्या, "वाटेत गेलेल्यांची ही कबर. यांना सकाळी पुरलं आणि दुपारी घरचे पुढे निघाले."

तेवढ्यात सांगलीहून बाबांना आत्याचा फोन आला. "दादा, वर्ष सरायच्या आत कसलं फिरणं? लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, शोभा, घरी बसून पाहिलं. जमलं नाही."

दुःख एका जागी बसूनच करायचं असतं, हे आपण कधी ठरवलं कोण जाणे. या वाटेवर तर ते चालत गेलं होतं.

वयस्कर माणसं गाडीत बसू शकतात, असं बाईंनी सुचवलं. बाबांनी फोन माझ्याकडे दिला आणि गाडीचा दांडा धरला. पुढे चढ होता. आम्ही मागून जोर लावला, तसे ते न वळता म्हणाले, "ढकलू नका. मागे आहात, एवढं पुरे."