गोळी न खाणारा ज्योतीराम

पुण्याजवळच्या माणच्या टॉवरांत फरशी बसवणारा ज्योतीराम म्हणजे हाताखालच्या पोरांना निव्वळ छळ. केसभर वर राहिलेली फरशीही उखडायला लावायचा. कुणी ‘चालतंय की’ म्हटलं, तर त्याला शिवी ऐकल्यासारखं व्हायचं. दुसरी मिजास म्हणजे, ‘आपण जल्मात गोळी खाल्ली न्हाई.’ हे ऐकून रहाटणीच्या चाळीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. पोट बिघडलं की हा पठ्ठ्या बायकोच्या, शालनबाईच्या डब्यातली गोळी चोरतो, हे त्यांना पक्कं ठाऊक.

एकदा फरशीची कपची त्याच्या उजव्या गुडघ्यात घुसली. उपटून वर हळद दाबली, झालं. तिसऱ्या दिवशी गुडघा तटतटून फुगला, अंग तापाने फणफणलं.

“घरी जा की राव,” ठेकेदार दौलतराव म्हणाले.

“हॉल अर्धा टाकून?”

शालनबाईची दाढ पिकली होती तेव्हाच्या उरलेल्या गोळ्या त्याने गुपचूप गिळल्या आणि आणखी चार दिवस त्याच गुडघ्यावर रांगला. मग पाय तसूभर हलेना.

दवाखान्यात डॉक्टर विजयश्रींनी सुईने गुडघ्यातून पू ओढला. “सांध्यात जंतू शिरलेत. कोणते, ते तपासणीत कळलं की नेमकं औषध देता येतं. आधी जंतूंवरच्या गोळ्या घेतल्या असतील तर मात्र ते साध्या तपासणीत सापडत नाहीत. घेतल्यात का?”

“आपण गोळी खात न्हाई, मॅडम.”

रिकामी पाकिटं शालनबाईने केव्हाच पाहिली होती. पण चारचौघांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

तपासणीत काहीच सापडलं नाही. अंदाजाने औषध दिलं, गुडघा उघडून धुतला. ताप हटेना. आठव्या दिवशी शालनबाईने जिन्यात डॉक्टरांना गाठून सगळं ओकलं. पुन्हा पू काढला, गोळ्यांनंतरही जंतू ओळखणारी वेगळी तपासणी केली, जंतू सापडला, औषध बदललं. जीव वाचला.

“पण आतली गादी गेलीय,” डॉक्टर म्हणाल्या. “गुडघा आता वाकणार नाही.”

“मग मी बसू कसा?”

“खुर्चीत.”

“खुर्चीत बसून फरशी?”



आता तो दिवसभर खुर्चीत, पाय समोर काठीसारखा. चाळीतल्या बायका त्याच्यावर हसायच्याही थांबल्या.

परवा मोरीजवळची फरशी निघाली. शालनबाईने सिमेंट कालवून बसवली. कोपरा चांगला बोटभर वर राहिला.

“उखडू का?” तिने विचारलं.

ज्योतीरामने त्या कोपऱ्याकडे पाहिलं.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “चालतंय की.”