मुलुंडचं परराष्ट्र धोरण

ऐंशीच्या दशकात अरब आणि आफ्रिकी देशांशी भारताचे संबंध कसे होते, हे दिल्लीला ठाऊक असेल. मुलुंडपुरते ते आमची सोसायटी सांभाळत होती.

त्याचं असं झालं, की माझ्या वर्गात सुदानचा एक मुलगा होता. सरकारी शिष्यवृत्तीवर रसायनशास्त्र शिकायला आलेला. अशा मुलांनी इथे शिकावं आणि परत जाऊन आपल्याबद्दल चार बरे शब्द बोलावेत, अशी त्यामागे सरकारची कल्पना. उंच, हसरा, आणि कॅन्टीनमध्ये बसून बसून मराठी उचललेला. एका रविवारी मी त्याला घरी जेवायला आणलं. आईने केलेलं बांगड्याचं तिखलं त्याने दोनदा मागून घेतलं आणि आईच्या लेखी दोन देशांचे संबंध तिथेच पक्के झाले. बाबांचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. ते सोसायटीचे सेक्रेटरी. परदेशी पाहुणा हाती लागावा आणि त्याचा सत्कार होऊ नये, ही नामुष्की त्यांना झेपली नसती.

पाडव्याला गच्चीवर कार्यक्रम झाला. अध्यक्ष म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त साहेब. त्यांनी गंगा आणि नाईल या दोन बहिणींवर भाषण केलं. मधेच त्यांनी पाहुण्याला इराणचा करून टाकलं आणि तिथे चाललेल्या युद्धाबद्दल धीरही दिला. मग शाल, श्रीफळ, फोटो. शेवटी पाहुणा उत्तराला उभा राहिला.

"नमस्कार. मला इथे खूप आवडतं," तो म्हणाला. "पण मे महिन्यात आमचं हॉस्टेल बंद होतं. विमानाने घरी जायला मला परवडत नाही. कुणाकडे सुट्टीत राहायला खोली मिळेल का?"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! एका काकूंनी तर पदराने डोळे टिपले. "काय गं स्वच्छ बोलतो! नाहीतर आमचा कार्टा!" अध्यक्षांनी माईक ओढून घेतला आणि ही आपल्या संस्कृतीची ताकद असल्याचं जाहीर केलं. बिचाऱ्याला वाटलं, टाळ्या वाजल्या म्हणजे खोली मिळाली. तो खाली बसून वाट बघत राहिला. मग आभारप्रदर्शन झालं आणि त्याच्या हातात बटाटेवड्याची बशी आली.

ही कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. घाटकोपरच्या महिला मंडळाने बोलावलं, बोरिवलीच्या वाचनालयाने बोलावलं, भांडुपच्या एका क्लासवाल्यांनीही. सगळीकडे त्याने तेच विचारलं आणि सगळीकडे टाळ्या पडल्या. मे उजाडेपर्यंत त्याच्याकडे चार शाली होत्या. नारळ त्याने आईला आणून दिले. तिने त्याला सोलकढी पाजली.

आता गंमत अशी, की दर मे महिन्यात आम्ही सगळे गावी मालवणला जायचो आणि मागे घरात झोपायला कुणीतरी लागायचं. चोराचिलटांची भीती, पहाटेचं पाणी भरायचं, गॅलरीतल्या तुळशीला घालायचं. एरवी डोंबिवलीचा मामेभाऊ यायचा. त्या वर्षी त्याचं लग्न ठरलं. बाबा हवालदिल झाले.

"तुझ्या मित्रांत कुणी विश्वासू आहे का रे?"

"बाबा, तो आहे ना! त्याला खोली हवी आहे, आपल्याला माणूस हवाय."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "अरे, तो आपला पाहुणा. पाहुण्याला काय राखणीला बसवायचं? बरं दिसतं का ते?"

माणसाला नाही म्हणायची इतकी प्रेमळ तऱ्हा मी तोवर ऐकली नव्हती. त्याच्या खाण्यापिण्याचं कारण पुढे करावं, तर आमच्याच घरात बोंबील वाळत होते. मी फारच लावून धरलं तेव्हा खरं काय ते बाहेर पडलं. "मुसलमान मुलगा ठेवला म्हणून उद्या सोसायटीत बोलणी कोण खाईल? तू?"

मला भयंकर राग आला. पण गाडीची तिकिटं काढलेली होती आणि घराला कुलूप लागलं. जूनमध्ये परत आलो तेव्हा तुळशीची काडी झाली होती. बाबांनी मुंबईच्या उन्हाला दोष दिला.

ऑगस्टमध्ये समितीने ठरवलं, पंधरा तारखेला पाहुण्याला पुन्हा बोलवायचं. आमंत्रण द्यायला बाबा माझ्याबरोबर हॉस्टेलवर आले. तो नेहमीसारखाच हसला. "नक्की येतो, काका. फक्त शाल नको. चार पुरतात मला. सुट्टीत कॉलेजच्या जिमखान्यात झोपायचो ना, दोन खाली अंथरायच्या, एक उशाला, एक अंगावर."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. परतताना बाबा स्टेशन मागे टाकून तसेच पुढे चालत गेले, मी हाक मारून त्यांना वळवलं.

त्या आठवड्यात समिती आमच्याच घरी बसली. शाल नको, या पाहुण्यांच्या सूचनेवर गंभीर विचार झाला. फुलदाणी सुचली, पेनचा सेट सुचला. अखेर अध्यक्ष म्हणाले, "भिंतीवरचं घड्याळ देऊ या. कायमची आठवण राहील."

आई चहा घेऊन आली होती. ट्रे तिने टीपॉयवर जरा जोरातच ठेवला.

"घड्याळ द्या, झकास द्या. पण लावेल कुठे तो? जिमखान्यात?"

बाबा कपाकडे बघत बसले.

"भिंत आमची घ्या," आई म्हणाली. "पुढच्या मे महिन्यात तो इथे झोपणार. चावी मी देणार."

"अहो वहिनी, पण सोसायटीत लोकांना सांगायचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"काय ते तुमच्या भाषणातलंच सांगा. दोन देशांचे संबंध सुधारतायत म्हणावं."

मला वाटलं, आता बाबा तिला गप्प करणार. ते उठले, खुंटीवरची जादा चावी काढली आणि तिच्या हातात दिली.

पुढच्या जूनमध्ये आम्ही गावाहून आलो तेव्हा नवी तुळस कमरेएवढी झाली होती, पिंप काठोकाठ भरलेलं होतं आणि बाहेरच्या खोलीत घड्याळ चालू होतं. खाली गेटपाशी अध्यक्ष भाजीवाल्याला सांगत होते, की ही कल्पना मुळात त्यांचीच.