जुडीमास्तरांच्या काड्या

जुडीमास्तरांना मी खुर्चीवर बसलेलं कधी पाहिलं नाही. खुर्चीवर त्यांची टोपी असे. मास्तर स्वतः पोरांच्यात जमिनीवर, धोतर सावरून, तुराट्यांच्या काड्या सुतळीनं बांधत बसलेले. दहा काड्यांची एक जुडी. म्हणून सारा गाव त्यांना जुडीमास्तर म्हणे. मला तेवढं लाडाचं नाव कुणी दिलं नाही. माझं पोट तिथूनच दुखायला लागलं, हे आधीच सांगून टाकतो.

आटपाडीच्या पलीकडं, माळावरच्या धर्मशाळेत आमची शाळा भरे. मध्ये बांबूची एक तट्टी. अलीकडं माझी तिसरी, पलीकडं त्यांची दुसरी. मी ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेला. पावकी-निमकी माझ्या पोरांना तोंडपाठ. पण तट्टीपलीकडं हशा पिकला की माझी पोरं औटकीचा पाढा म्हणता म्हणता फटीला डोळे लावत. छडी आपटली की तेवढ्यापुरती वळत.

मास्तरांचा वर्ग एका गणिताला एकदम कधी बसलाच नाही. तीन रांगा असत: काड्यांची, पाटीवर रेघा ओढणाऱ्यांची आणि मनात करणाऱ्यांची. रोज सकाळी विचारत, "आज कुठं बसणार रं?" पोर आपणच जागा निवडे. काड्यांच्या रांगेत कुणाला लाज वाटू नये म्हणून मास्तर स्वतः तिथंच बसत. मी एकदा म्हणालो, "अशानं अभ्यासक्रम कधी संपायचा?" ते हसले. "आवं गुरुजी, आभ्यासक्रम संपला आन पोरगं मागंच ऱ्हायलं, तर काय उपेग?" त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

हौसा नावाची मेंढपाळाची मुलगी होती. तिच्या घरात मेंढरं विसाविसांनी मोजत. सत्तेचाळीसला ती "दोन इसा आन सात" म्हणायची. मी असतो तर हातावर छडी दिली असती. मास्तर म्हणाले, "लय बेस! दोन इशांच्या जुड्या किती?" तिनं चार जुड्या मांडल्या, बाजूला सात सुट्या काड्या. "आता यातल्या एकोणीस मला दे." सातांतून नऊ निघेनात. ती रडवेली झाली. "मग सोड की एक जुडी!" सुतळी सुटली आणि हौसाचा चेहरा खुलला. मी फटीतून बघत होतो. पंधरा वर्षांच्या नोकरीत माझ्याकडं बघून असं कुणी उजळलं नव्हतं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

पुढच्या आठवड्यात दिपोटीसाहेब तपासणीला आले. लढाईचे दिवस, रॉकेल कंट्रोलचं, सरपणाची ओरड. साहेबांच्या चहाला चूल पेटेना. शिपाई सरपण शोधत होता. मी मास्तरांच्या काड्यांचं पोतं त्याच्यापुढं सरकवलं आणि म्हणालो, "हे घाल." सगळ्या जुड्या गेल्या. चहा फक्कड झाला होता.

साहेबांनी हौसालाच उभं केलं. "बावन्नातून सतरा गेले?" ती जमिनीवर बसली, हातानं काड्या चाचपल्या. तिथं काहीच नव्हतं. तिच्या रांगेतली बाकीची पोरंही रिकामी जमीन चाचपू लागली. 'वर्ग कच्चा' असा शेरा पडला आणि महिन्याभरात मास्तरांची बदली पलूसकडं झाली.

जाताना वळकटी खांद्यावर घेऊन ते माझ्याकडं आले. काड्या कुणी जाळल्या, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "हौसा आठ दिसांत रेघांच्या रांगंत बसली आसती. आता तुमी बसवा, गुरुजी. तुमच्याबिगर हाय कोण तिला?"

दोन्ही वर्ग माझ्याकडं आले. मी तुराट्या आणल्या, सुतळी आणली आणि गुडघे दुखत असताना खाली बसलो. मला ते जमलं, हे कबूल केलं पाहिजे. वर्षानं तेच साहेब आले. हौसानं गणित मनातल्या मनात करून उत्तर सांगितलं. साहेब खूश झाले आणि पोरांपुढच्या जुड्यांकडं बघत म्हणाले, "वा, गुरुजी! ही जुड्यांची रीत कुणाची?"

पोरं माझ्याकडं बघत होती.

"माझीच," मी म्हणालो.

साहेबांनी ते शेऱ्यात लिहून घेतलं. हौसानं मान खाली घातली आणि पुढं शाळा सोडेपर्यंत ती माझ्याशी आपणहून एक शब्द बोलली नाही.