डावीकडे टॉवेल, उजवीकडे चादरी

आत्या एकवीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईखान्यात घड्या घालत होती. तिथल्या प्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपल्यालाच मिळणार असं तिनं गृहीत धरलं. कार्यालयानं धरलं नाही. मशिनवाल्या कंपनीशी पत्रव्यवहार इंग्रजीत, म्हणून प्रमुखाला इंग्रजीची परीक्षा. आत्या नापास झाली तर बाहेरून कुणी येणार, आणि त्याला काम आत्यानंच शिकवायचं.

बाकी व्याकरण तिनं पचवलं. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. 'वॉन्ट'नंतर 'टू गो' येतं, 'एन्जॉय'नंतर मात्र 'गोइंग'च लागतं. का, ते कुणी सांगेना. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. त्यांनी तीन नियम सांगितले आणि सात अपवाद.

"दादा, तुझे नियम बसून खातात आणि अपवाद राबतात," आत्या म्हणाली. "राहू दे."

मग तिनं आपली पद्धत काढली. धुलाईखान्यात चादरी उजव्या मांडणीत जातात, टॉवेल डाव्या. चादर ठेवताना ती 'टू'वालं क्रियापद म्हणायची: डिसाइड, होप, रिफ्यूज. टॉवेलला 'आयएनजी'वालं: अव्हॉइड, फिनिश, माइंड. दिवसाला चारशे नग.

"मावशी, काय पुटपुटताय?" एका नर्सनं विचारलं.

"रिफ्यूज. तुला चादर हवी होती का?"

दोन महिन्यांत क्रियापदं तिच्या हातांना पाठ झाली. डोक्याला विचारायची गरज उरली नाही.

परीक्षेत तेच नडलं. प्रत्येक रिकाम्या जागेला आत्याचा हात हवेत उजवीकडे नाहीतर डावीकडे जाई. परीक्षक बाईंनी पेपर काढून घेतला. "मागच्यांना खुणा करताय."

"मागच्यांना मी ओळखत नाही. ओळखत असते तर सरळ बोलून सांगितलं असतं," आत्या म्हणाली. "सगळे गेले की मला तोंडी विचारा."

खोली रिकामी झाल्यावर बाईंनी दुसरीच यादी काढली. आत्या उभी राहिली. बसून हात पुरत नव्हते. एकोणीस क्रियापदांना हात योग्य बाजूला गेले आणि तोंडून उत्तरही बरोबर आलं. विसावं होतं 'लाइक'. दोन्ही हात वर उठले आणि तिथंच थांबले.

"अडलं?"

"नाही. याला दोन्ही चालतं."

बाईंच्या उत्तरपत्रिकेत एकच उत्तर होतं. त्यांनी दोन्ही रूपं ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिली. मग पेन उघडून त्यांनी आधी स्वतःचा कागद दुरुस्त केला आणि नंतर आत्याचा पेपर तपासायला घेतला.

आत्या प्रमुख झाली. वडिलांनी ही बातमी गल्लीत दारोदार सांगितली आणि प्रत्येक दारात "शिकवलं मीच" असंही सांगितलं. आत्यानं ते खोडून काढलं नाही. बंद पडलेल्या इस्त्रीच्या मशिनबद्दल पहिलं पत्र लिहायची वेळ आली, तेव्हा ते लाल पेन घेऊन तयार बसले होते.

"सकाळीच गेलं, दादा."

चार दिवसांत कंपनीचं उत्तर आलं. त्यात दोन चुका होत्या. आत्यानं त्यांच्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली, आणि मशिन दुरुस्त होऊन जाईपर्यंत त्याबद्दल कुणाला काही बोलायचं नाही असं ठरवलं.