चित्र अडकलं तेव्हा

माझ्या मोठ्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नाही, बोलताही येत नाही. लहानपणी आमच्या घरानं तिच्यासाठी हातांची एक भाषा तयार केली होती. नाकपुडीला बोट लावलं की माय, कारण मायच्या नाकात खडा होता. कपाळावर मूठ टेकवली की मी, कारण पडून माझं कपाळ फुटलं होतं. ही भाषा घराबाहेर कुणाला कळायची नाही.

तिला जऊळक्याला दिलं. आम्ही अनसिंगला. पुढे घरोघरी फोन आले, पण ते तिच्या काय कामाचे? मी फोन करायचो आणि भाऊजी सांगायचे, "बरी हाय ती. काई काळजी नका करू." वर्षानुवर्षं तिची खबर एवढीच.

मग तिच्या घरी मोठ्या स्क्रीनचा फोन आला. एका दुपारी व्हिडिओ कॉल वाजला. मायनं सवयीनं फोन कानाला लावला. तिकडे बहिणीला नुसता कान दिसत होता. मी फोन मायच्या तोंडासमोर धरला, तर बहीण पोट धरून हसत होती. हसणं थांबल्यावर तिनं हातांनी विचारलं, भाजी कोणती केली?

"पाय रे," माय मला म्हणाली, "बोलून राह्यली ते माह्यासंगं!"

त्यानंतर रोज कॉल. पण आमच्याकडची रेंज म्हणजे कधी आहे, कधी नाही. बाकीच्यांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो. या दोघींचं चित्र अडकलं की सगळंच बंद. माय चिडायची, फोनला शिव्या द्यायची, मला गच्चीवर पिटाळायची.

गेल्या हिवाळ्यात माय गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली, आणि गाडी येईपर्यंत संपलं होतं. भाऊजी वावरात होते, त्यांचा साधा फोन लागेना. बहिणीला थेट व्हिडिओ कॉल करता आला असता. मेल्याची खूण आमच्याकडे होती, तळहात आडवा धरून उलटा करायचा. ती आम्ही गायीसाठी केली होती, कुत्र्यासाठी केली होती. मायच्या नावापुढे ती करायला माझा हात उचलेना. कुणाला तरी मोटरसायकलवर पाठवून तिला आणावं, असं मी ठरवलं.

तेवढ्यात माझ्या चुलतभावानं घरच्या ग्रुपवर मायचा हार घातलेला फोटो टाकला. नंतर म्हणाला, "मले वाटलं, तुमी तिले कळवलं असन."

तिचा कॉल आला. मी उचलला. तिनं नाकपुडीला बोट लावलं आणि पंजा हलवून विचारलं, काय? पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी हात वर केला, तळहात उलटा केला, आणि चित्र अडकलं. स्क्रीनवर ती तशीच, नाकाला बोट लावलेली. गच्चीवर धावलो, पुन्हा पुन्हा लावला. लागला नाही.

ती दुपारी आली. मायजवळ बसली, पण माझ्याकडे बघेना. तेरवी झाल्यावर तिनं मला सांगितलं. तिच्या फोनवर मी हात खाली ठेवून नुसता बघत उभा दिसत होतो. ती विचारत होती आणि मी उत्तर देत नव्हतो. रेंज गेली होती, हे मी तिला परोपरीनं समजावलं. तिनं मान डोलावली. मग विचारलं, त्याआधी काहून नाही?

मी कपाळावर मूठ ठेवली आणि चुकलो, एवढंच सांगितलं.

परवा ती राहायला आली होती. मायचं बोलणं दाखव म्हणाली. मी सगळा फोन धुंडाळला. लग्नातले फोटो, देवदर्शनाचे फोटो, सगळ्यांत हात पदराखाली किंवा जोडलेले. इतके कॉल झाले, पण एकही जपून ठेवलेला नाही. ठेवता येतो, हे कुणाला सुचलंच नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली, तरी ती बराच वेळ एकेक फोटो बोटानं सरकवत बसली होती.