पॉसमच्या आजीचं विमान

लॉकडाऊनमध्ये मेलबर्नच्या क्लेटन उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझं ऑफिस होतं आणि दुसऱ्या टोकाला लेकीची दुसरी इयत्ता. टीचरने वर्गाला ऑनलाइन एक सामाईक गोष्ट लिहायला दिली होती. हिरो एक पॉसम, म्हणजे इथला झाडांवर राहणारा, मांजराएवढा प्राणी. पाळी आली की दोन ओळी वाढवायच्या. दुसऱ्याचं लिहिलेलं खोडायचं नाही.

लेक एका बोटाने टाइप करायची, म्हणून ती सांगणार आणि मी टाइप करणार असं ठरलं. तिने सांगितलं, पॉसम बीचवर गेला. इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घालवल्यावर सांगितलं तेवढंच करायची सवय असायला हवी होती. पण मला सुधारणा सुचली. सीमा बंद झाल्याने माझ्या आईचं पुण्याहून येणं रद्द झालं होतं आणि लेक हिरमुसली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी लिहिलं, पॉसमची आजी विमानाने यायला निघाली.

लेक खूश. पण पुढच्या मुलाने लिहिलं, एअरपोर्ट बंद आहे. बातम्या त्याच्याही घरी लागत असणार. विमान मेलबर्नवर घिरट्या घालू लागलं. त्यापुढच्या मुलीने इंधन संपत आणलं.

"बाबा, get her down," लेक म्हणाली.

आमची पाळी आठवड्याने होती. मी गुपचूप टीचरला ईमेल केला, माझी ओळ खोडता येईल का? उत्तर आलं, नो वरीज, मुलंच मार्ग काढतील. मुलांनी वादळ काढलं.

जेवताना लेक विचारायची, विमानात आजीला झोप लागत असेल का. ऑफिसच्या बंद पडलेल्या सिस्टिम्स मी घरबसल्या उभ्या करत होतो, आणि मांजराएवढी एक आजी मला खाली उतरवता येईना.

पाळी आली तेव्हा माझ्याकडे हेलिकॉप्टर आणि पॅराशूट तयार होतं. लेकीने मला थांबवलं. "मी सांगते तेवढंच." तिने सांगितलं, विमान वळलं आणि आजी घरी परत गेली.

"परत?"

"तिची गादी तिथेच आहे ना."

मी तसंच्या तसं टाइप केलं.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईने, गोष्ट रोज ऐकत असल्याने, विमानाचं विचारलं. लेक म्हणाली, "आजी, तू परत गेलीस."

मी फोन धरून सुधारणा शोधत होतो.

"बरं झालं," आई म्हणाली. "नीट पोचले ना पण?"

लेकीने माझ्याकडे पाहिलं. ते आम्ही लिहिलंच नव्हतं.