तिसरी हाक

छोटेलाल बिसेन विजेच्या बाबतीत इतका चिक्कट होता, की पाहुणा खोलीतून उठायच्या आधीच पंखा बंद व्हायचा. पाहुण्याने त्यातून काय समजायचं ते समजावं. गोंदियाजवळच्या कुडव्याच्या घरातलं एकेक बटण त्याच्या हुकमातलं. रिमोटने टीव्ही बंद करणं त्याला पटतच नसे. भिंतीवरचं बटण खाली पडलं तरच टीव्ही झोपला, नाहीतर तो पडल्या पडल्या वीज खातो, असं तो सांगे. बायको धुरपताबाई जन्मभर हे ऐकत आली आणि अंधारात भांडी घासत आली.

मुलगा इंद्रकुमार रायपूरला कारखान्यात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडया, म्हणजे जत्रा, गोंदियाच्या केबलवर दाखवतात, त्या तिकडे दिसेनात, म्हणून त्याने घरी एक डबा बसवला. डबा टीव्हीवरचं साठवून ठेवी आणि इंद्रकुमार रायपुरात बसून फोनवर ते पाही. पण त्यासाठी डबा रात्रंदिवस जागा ठेवावा लागेल म्हटल्यावर बाप हटून बसला. फुकट जागायला डबा काय चौकीदार आहे? शेवटी तोड निघाली. डबा झोपून राहील, इंद्रकुमारने फोनवर बोट लावलं तरच उठेल, आणि काम झालं की परत झोपेल. स्वतः उठला की तारेने जोडलेल्या टीव्हीलाही उठवून त्यावर तेच दाखवायची त्या डब्याला खोड होती. पण टीव्हीचं भिंतीवरचं बटण छोटेलाल कधी चालू ठेवतच नसे, त्यामुळे ही खोड घरात कोणाला कळली नाही.

त्या साली सालेकशाकडच्या त्यांच्या गावी मंडई भरली, तेव्हा केबलवाले कॅमेरा घेऊन आले. गावचा तलाव छोटेलालच्या पणज्याने बांधलेला, म्हणून त्यालाच पुढे उभं केलं. तलावाच्या पाळीबद्दल तो बरा बोलला आणि मग त्याला हुरूप आला. बायांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या बायकोकडे वळून त्याने हाक मारली, "धुरपता, इकडं ये ना वो."

आयुष्यात त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती. 'इंद्रकुमारची माय', हेच तिचं नाव. भर मंडईत स्वतःचं नाव ऐकून तिने पदर तोंडात धरला आणि मागे सरली. त्याने पुन्हा हाक मारली. ती आणखी मागे सरली आणि बायांमध्ये दिसेनाशी झाली. पुढे तो काय बोलला ते तिच्या कानावर आलंच नाही. ते रेकॉर्डिंग छोटेलालने घरी येईल त्याला दाखवलं, आणि दर वेळी हाक यायच्या आत ती चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात पळाली.

होळीच्या आधी छोटेलाल गेला. सकाळी चहा प्याला, छातीला हात लावला, आणि गेला. मसणवटीत इंद्रकुमारच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, याची लोकांनी चर्चा केली. लोकांना काय, चर्चेला विषय लागतो. तेरवी झाली, माणसं पांगली. पाहुण्यांपैकी कोणीतरी टीव्ही लावला होता, तो रिमोटनेच बंद केला, आणि भिंतीवरचं बटण तसंच चालू राहिलं. धुरपताबाईने त्याला हात लावला नाही. ती बटणं तिची नव्हती.

एका दुपारी ती तांदूळ निवडत बसली होती. समोरच्या खोलीत डब्याचा निळा दिवा लागला. डबा घरघरला. मग ढोल वाजले, तलावाच्या पाळीचं काहीतरी ऐकू आलं, आणि मग छोटेलालचाच आवाज, "धुरपता, इकडं ये ना वो."

सूप टाकून ती अंगणात पळाली. शेजारच्या नंदाबाईला घेऊन परत येईपर्यंत टीव्ही काळाठिक्कर. नंदाबाईला पुराव्याची गरज नव्हती. अशा गोष्टींवर विश्वास ठेवायला ती तयारच बसलेली असते. तिने उंबऱ्यावर तांदूळ टाकायला लावले, लिंबू ठेवायला लावलं आणि बजावलं, "मेलेला माणूस दोनदाच हाक मारते. ओ देशीन नोको. तिसरी हाक जित्त्या माणसाची राह्यते."

त्यानंतर बहुतेक दुपारी हाक येऊ लागली. दोनदा, बस. धुरपताबाई कान झाकून अंगणात जाई. एवढा विजेचा लोभी माणूस, आता मेल्यावर उधळून राहिला, असंही तिच्या मनात येई आणि हसूही येई. पण हळूहळू ती दुपारची कुठे जाईनाशी झाली. जेवणाच्या वेळेआधी वेणी घालू लागली. हाक आली की भीती वाटे, आणि आली नाही की त्याहून जास्त वाटे. माय गेली, भाऊ गेला. तिला नुसतं धुरपता म्हणणारं जगात दुसरं कोण उरलं होतं? तो बोलावतो आहे, तर जावं, असं तिला वाटू लागलं. एकटीसाठी कायले चूल, म्हणून रात्रीचं जेवण तिने सोडूनच दिलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या.

आणि एका दुपारी तिसरी हाक आली.

दोन झाल्या होत्या. ती अंगणात उभी होती. काही क्षण काहीच नाही, आणि मग पुन्हा तोच आवाज, "धुरपता, इकडं ये ना वो." तिसरी हाक जित्त्या माणसाची. "आली वो, आली," म्हणत ती धावली, उंबऱ्याला ठेचकाळली आणि टीव्हीसमोर जाऊन उभी राहिली. पडद्यावर छोटेलाल तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला होता. मग तोही विझला.

तिने रायपूरला फोन लावला. "इंद्रकुमार, तुहा बाप जित्ता आहे. तिसऱ्यानं हाक मारली मले."

तो म्हणाला, "माय, मी पाहून राहिलो होतो बाबाले. जेवणाच्या सुट्टीत रोज पाह्यतो. आज नेट अटकलं, म्हणून मागं घेऊन पुन्हा लावलं." घरचा टीव्हीही लागतो हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तर आईला इतकं भिववलं असतं का त्याने?

त्याने शपथ घेतली आणि त्या दिवसापासून पाहणं सोडलं. डबा झोपला. दुपारी निळा दिवा नाही, घरघर नाही, कणभर वीज जळेना. धुरपताबाईची भीती गेली आणि तिच्याबरोबर छोटेलालही गेला. नवरा खरा मेला तो आता, असं तिला वाटलं, आणि तेरवीला आलं नव्हतं तेवढं रडू तिला आलं.

शेवटी तिनेच फोन केला. विचारलं, काऊन रे, बाबाले पाह्यत नाही आता? तो म्हणाला, तू भ्याली म्हणून. ती म्हणाली, "लाव. मी इथंच बसून आहो."

निळा दिवा लागला. ढोल वाजले. तलावाची पाळ झाली, आणि छोटेलाल तिच्याकडे वळला. पहिल्या हाकेला तिने ओ दिली. दुसऱ्या हाकेलाही दिली, जरा मोठ्याने. या वेळी ती उठली नाही, कान झाकले नाहीत. छोटेलालने बायांच्या घोळक्याकडे क्षणभर पाहिलं, हसला, आणि माइकवाल्या पोराकडे वळून म्हणाला, "लाजून राहिली. येईल थे सवडीनं. मी थांबतो."